हॅलोजन काढायचा की ठेवायचा? दुकान, मांडव, पोल्ट्री आणि गाडी, प्रत्येकाचा हिशेब वेगळा

माझं कराडला इलेक्ट्रिकचं छोटं दुकान आहे आणि दिवसातनं एकदा तरी कोणीतरी येऊन म्हणतंच, "दादा, एक हॅलोजन द्या." मी विचारतो कुठला, तर समोरचा असा बघतो की जसं काय मी मीठ कुठलं पाहिजे असं विचारलंय. कारण आपल्याकडे हॅलोजन म्हणजे काय, तर गोठ्यावर, मांडवात, शाळेच्या पटांगणावर जो लख्ख उजेड पाडतो तो. आत खरा हॅलोजन असो, मेटल हॅलाइड असो नाहीतर सरळ एलईडी असो, नाव एकच. गाडीवाल्याचा हॅलोजन वेगळा, सराफाचा वेगळा, आणि थंडीत रूम हीटरची कांडी मागायला येतात त्यांचाही हॅलोजनच.

मग दोनशेचा माल नेऊन दुसऱ्या दिवशी परत आणतात, बसत नाही म्हणून. त्यामुळे एकदा सगळं लिहूनच काढतोय, कुठला हॅलोजन कसा ओळखायचा, काढायचा का, काढला तर काय लावायचं, आणि कुठं मुकाट्याने आहे तोच ठेवायचा. कारण सरसकट "सगळं एलईडी करून टाका" हा सल्ला चूक आहे, माझा त्यात धंदा असला तरी चूक आहे.

आधी तुमच्याकडे नक्की काय आहे ते बघा

हॅलोजन हा आपल्या जुन्या पिवळ्या बल्बचाच सुधारलेला भाऊ. टंगस्टनची तार तापते आणि उजेड देते, एवढंच. साध्या बल्बमध्ये काय होतं की तापलेल्या तारेवरचं टंगस्टन हळूहळू उडतं आणि काचेला आतनं चिकटतं, म्हणून जुना बल्ब काळपट दिसायचा, आणि तार झिजत झिजत एक दिवस तुटायची. हॅलोजनमध्ये आत थोडा आयोडीन किंवा ब्रोमीन वायू असतो, उडालेलं टंगस्टन काचेजवळ त्याला धरतं, फिरत फिरत परत तारेजवळ आलं की तिथल्या उष्णतेने सुटतं आणि तारेवर बसतं. हे चक्र चालायला काच निदान २५० डिग्री तरी गरम लागते, म्हणून ती एवढीशी आणि साध्या काचेऐवजी क्वार्ट्झची असते. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या फ्रिडरिच आणि वायली या दोघांना याचं पेटंट १९५९ मध्ये मिळालं. मग हा बल्ब अमर का नाही, असं मला एका डिप्लोमाच्या पोराने विचारलं होतं, तर उत्तर असं की टंगस्टन परत येतं पण जिथनं गेलं तिथंच बसेल याची गॅरंटी नाही, बारीक झालेली जागा बारीकच होत जाते.

ओळखायचं कसं. घरातल्या छताला छोटी वाटीसारखी चकचकीत रिफ्लेक्टरवाली लाइट असेल आणि मध्ये शेंगदाण्याएवढी काच, तर तो एमआर १६ हॅलोजन. मागे दोन बारीक सुया असतील तर १२ व्होल्टचा, म्हणजे वर पीओपीत कुठंतरी ट्रान्सफॉर्मर लपलेला आहे. मागे दोन जाड बटणासारखे पाय असतील, दाबून फिरवायचे, तर तो जीयू १०, थेट २३० व्होल्टवर चालणारा. हा फरक लक्षात ठेवा कारण पुढं सगळा गोंधळ इथंच होतो.

मोठ्या फोकसची काच उघडून आत पेन्सिलसारखी बारीक कांडी आडवी बसलेली दिसली, दोन्ही टोकांना पांढरं सिरॅमिक, तर तो खरा हॅलोजन. ११८ मिलिमीटरची कांडी ३०० किंवा ५०० वॅटची असते, ७८ ची लहान साधारण १५० ची. कांडीऐवजी जाड अंड्यासारखा किंवा नळीसारखा बल्ब आणि शेजारी जड चोक असेल तर तो मेटल हॅलाइड, नावात हॅलाइड असलं तरी त्यात तार तापतच नाही, वायूत ठिणगी चालते.

न उघडता ओळखायचं असेल तर बंद करून लगेच चालू करा. हॅलोजन फटकन लागतो. मेटल हॅलाइड रुसून बसतो, गार झाल्याशिवाय लागतच नाही, पाच-दहा मिनिटं जातात. नाइट टेनिस क्रिकेटच्या स्पर्धेत क्षणभर लाइट गेली की कमिटीची पोरं "बल्ब उडाले" म्हणत पळत येतात ते यामुळे. एकदा तर रात्री साडेदहाला दुकान उघडायला लावून चार बल्ब घेऊन गेले आणि मैदानावर पोचले तर सगळे दिवे लागलेले. बल्ब परत घेतले मी, पण चहा वसूल केला.

वॅट विसरा, लुमेन वाचा

गिऱ्हाईक अजून "शंभरचा बल्ब" म्हणून मागतं. वॅट म्हणजे तो किती वीज खातो, उजेड किती देतो ते लुमेनमध्ये असतं आणि ते खोक्यावर छापलेलं असतं. अंदाज असा धरा. जुना पिवळा बल्ब एका वॅटला १० ते १५ लुमेन, हॅलोजन १६ ते २४ च्या आसपास, सीएफएल ५० ते ६५, आणि आजचा बरा एलईडी १०० च्या आसपास किंवा वर. म्हणजे ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ७०० लुमेन, त्याच्या जागी ७ ते ९ वॅटचा एलईडी झाला काम. ५०० वॅटची हॅलोजन कांडी नऊ-साडेनऊ हजार लुमेन, तिथं १०० वॅटचा चांगला एलईडी फोकस. लोक इथं घाई करतात, ५०० च्या जागी ३० वॅटचा फोकस नेतात आणि मग "एलईडीला उजेडच नाही" म्हणतात. अहो, तीन हजार लुमेनमध्ये नऊ हजारांचा उजेड कुठनं येणार?

आयुष्याचं बघाल तर पिवळा बल्ब १००० तास, हॅलोजन २००० ते ४०००, सीएफएल सहा ते दहा हजार, एलईडीवर १५ ते २५ हजार लिहिलेलं असतं. लिहिलेलं असतं असं मुद्दाम म्हणतोय. एलईडीचा चिप सहसा मरत नाही, मरतो तो ड्रायव्हर, म्हणजे चिपला वीज पुरवणारं आतलं सर्किट, आणि आपल्याकडच्या व्होल्टेजमध्ये आणि वळवाच्या विजांमध्ये स्वस्तातला ड्रायव्हर दोन पावसाळे काढेल का याची शाश्वती नाही. हॅलोजनला विजांचं तेवढं काही नाही, पण व्होल्टेज वाढलं की त्याचं वाटोळं होतं. २३० च्या जागी २४२, म्हणजे नुसतं ५ टक्के जास्त मिळालं तरी तारेचं आयुष्य जवळजवळ अर्ध्यावर येतं. गावाकडे रात्री शेतीपंप बंद झाले की व्होल्टेज चढतं, आणि बरोब्बर तेव्हाच अंगणातला हॅलोजन चालू असतो. "तुमचा माल डुप्लिकेट" असं ऐकून घेण्याआधी मी आता मल्टीमीटर हातात देतो.

आणि बल्ब नेहमी स्विच दाबतानाच का उडतो तेही यातच आहे, गार तारेचा रेझिस्टन्स तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो, त्यामुळे पहिल्या क्षणाला करंटचा धक्का बसतो, झिजलेली तार तो सोसत नाही.

दुकानातल्या छताचे स्पॉट, सगळ्यात आधी हे बदला

माझ्या चुलतभावाचं साड्यांचं दुकान आहे. छताला २४ एमआर १६, प्रत्येकी ५० वॅट, म्हणजे १२०० वॅट. रोज दहा तास धरले तर १२ युनिट, महिन्याचे २६ दिवस धरले तर ३१२ युनिट. हिशेबाला सोपं म्हणून युनिट १० रुपये धरा, तुमचा दर बिलावर बघून घाला. ७ वॅटचे एलईडी स्पॉट लावले तर तेच ४४ युनिट होतात. महिन्याला अडीच हजाराच्या वर फरक, आणि यात एसी धरलेलाच नाही. हॅलोजनने खाल्लेली जवळपास सगळी वीज शेवटी दुकानात उष्णता म्हणून उरते, आणि एक टनाचा एसी साधारण साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे त्याचे ते दिवे एकटेच टनाचा तिसरा हिस्सा एसी खात होते. उन्हाळ्यात गिऱ्हाईक गादीवर बसलं की डोक्याला ऊन लागल्यासारखं व्हायचं ते उगाच नव्हतं.

बदलायचं कसं, तर असं:

१. मेन एमसीबी बंद करा, नुसतं बटण नाही. दिवे चालू होते तर पंधरा मिनिटं थांबा, एमआर १६ हाताला पोळतो.

२. एक बल्ब काढून पाय बघा. जीयू १० असेल तर सोपं, त्याच मापाचा एलईडी घ्या, दाबा, फिरवा, संपलं.

३. सुयांचा १२ व्होल्टवाला असेल तर नुसता बल्ब बदलू नका. वरचा इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर ५० वॅटच्या लोडसाठी असतो, बऱ्याच ट्रान्सफॉर्मरना चालायला निदान २० वॅट तरी लोड लागतो, त्याला ५-७ वॅटचा एलईडी जोडला की तो लुकलुकतो किंवा लागतच नाही. चुलतभावाने माझं न ऐकता आधी नुसते बल्बच घातले, आणि निम्मं दुकान डिस्को झालं.

४. म्हणून ट्रान्सफॉर्मर काढून टाका. एकतर ट्रान्सफॉर्मरकडे येणाऱ्या २३० व्होल्टच्या वायरींना जीयू १० होल्डर जोडा, नाहीतर ड्रायव्हरसकट पूर्ण एलईडी स्पॉट घ्या. पूर्ण स्पॉट घ्यायचा तर पीओपीच्या भोकाचं माप घेऊन या. माप न घेता येणाऱ्यांना मी आता परत पाठवतो, वाईटपणा आला तरी चालेल.

५. डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, असेल तर खोक्यावर डिमेबल लिहिलेलाच एलईडी घ्या, आणि तरी एक लावून आधी बघा, कारण जुन्या डिमरलाही ट्रान्सफॉर्मरसारखाच कमीत कमी लोड लागतो.

६. बटण बंद केल्यावरही एलईडी मिणमिणत राहिला तर तो खराब नाही. बहुतेक वेळा वायरमनने फेजच्या जागी न्यूट्रल स्विचमध्ये घेतलेला असतो, किंवा स्विचमध्ये बारीक लाल इंडिकेटर असतो. हॅलोजनला तेवढ्या करंटने काही होत नव्हतं, एलईडीला तेवढाच पुरतो. फेज स्विचमध्येच असला पाहिजे, नाहीतर बटण बंद असूनही होल्डरमध्ये करंट असतो, ते दुरुस्त करून घ्या.

रंगाचं प्रकरण, इथं हॅलोजन अजून जिंकतो

साडीचा ब्लाउजपीस घेऊन बाई दुकानाबाहेर उन्हात जाऊन मॅचिंग बघतात ना, त्या अगदी बरोबर करतात. दोन कापडं एका उजेडात एकसारखी दिसतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळी, कारण रंग डायच्या मिश्रणावर आणि उजेडात कुठले कुठले रंग आहेत यावर ठरतो. हॅलोजनच्या उजेडात सगळे रंग सलग असतात, थोडा पिवळेपणा जास्त, पण मध्ये खड्डा नाही. रंग खरे दिसण्याचा जो आकडा असतो, सीआरआय, तो हॅलोजनचा जवळपास १०० असतो. साध्या एलईडीचा ८०, आणि त्यातही गडद लाल रंगाचं माप बहुतेक वेळा पडलेलं असतं. पैठणीचा कुंकवासारखा लाल पदर स्वस्त एलईडीखाली विटकरी दिसतो, चुलतभावाने महिनाभर तेच भोगलं.

उपाय महाग नाही. सीआरआय ९० किंवा वर लिहिलेला स्पॉट घ्या, प्रत्येकी थोडे रुपये जास्त जातात. आकड्यावर विश्वास नसेल तर दोन दिवे शेजारी लावून खाली आपला तळहात धरा, ज्याच्याखाली हात जिवंत दिसतो तो घ्या, ज्याच्याखाली कावीळ झाल्यासारखा दिसतो तो परत द्या. गंमत वाटेल पण मी होलसेलवाल्याकडे असाच माल निवडतो.

आता पिवळा की पांढरा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जेवढा मोठा तेवढा पांढरा. हॅलोजन २८०० ते ३२०० केल्विनचा, एलईडीच्या खोक्यावर ३००० किंवा वॉर्म व्हाइट लिहिलेलं असतं तो त्याच्या जवळचा. सोन्याच्या काउंटरवर ३०००, चांदीला आणि हिऱ्याला ५००० च्या पुढचा पांढरा, साड्यांना ४०००. घरात काय लावायचं यावर मी भांडायला तयार आहे, कारण आपल्या लोकांना "पांढरा म्हणजे जास्त उजेड" असं वाटतं आणि देवघरापासून झोपायच्या खोलीपर्यंत सगळीकडे ६५०० लावतात, घर कमी आणि सरकारी दवाखाना जास्त वाटतो. किचनच्या ओट्यावर पांढरा लावा, भाजी निवडायला बरा, बाकी ठिकाणी वॉर्म लावून आठ दिवस राहून बघा.

आणखी एक, मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये दिव्याचा व्हिडिओ घ्या. हॅलोजनची तार तापलेलीच राहते म्हणून त्याचा उजेड फारसा हलत नाही. हलक्या ड्रायव्हरचा एलईडी पट्टे मारताना दिसतो, डोळ्याला नुसत्या बघण्यात कळत नाही पण काहींचं डोकं दुखतं. अभ्यासाच्या टेबलावर तसला नको.

मांडवातला हॅलोजन, हा काढाच

आमच्याच मंडळात तीन वर्षांपूर्वी आरतीच्या आधी मला जळका वास आला. स्टेजच्या बाजूला ५०० वॅटचा फोकस झालरीपासून हातभरावर बांधलेला, आणि पांढऱ्या सॅटीनच्या झालरीवर बशीएवढा तपकिरी डाग, मध्ये गोल विरघळून भोक पडायला लागलेलं. अजून दहा मिनिटं गेली असती तर काय झालं असतं ते बोलायला नको. ज्याने बांधला त्याला वाटलं की दिवा तर आहे, त्याने काय होतं. काच जर शेकडो डिग्री तापली तरच तो दिवा नीट चालतो हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं.

आणि वायर बघितली का. ५०० वॅट म्हणजे २ अँपिअरच्या थोडं वर. चार फोकस एका बोर्डावर म्हणजे पावणेनऊ अँपिअर, आणि ते सगळं घरच्या एक्स्टेन्शनच्या बारीक वायरवर, तीही गुंडाळून ठेवलेली. गुंडाळलेली वायर स्वतःच तापते. रोज सहा तास, दहा दिवस, चार फोकस म्हणजे १२० युनिट, १०० वॅटच्या एलईडीत तेच २४. भाड्याने आणत असाल तर मंडपवाल्याला आधीच सांगा, एलईडी फोकसच पाहिजेत. बहुतेकांकडे आता तेच असतात.

विकत घेताना हे बघा:

वजन. खरोखर हातात घेऊन बघा, उष्णता बाहेर टाकायला अॅल्युमिनियम लागतं, १०० वॅट लिहिलेला फोकस हातात वहीएवढा हलका लागला तर तो १०० नाही. आयपी ६५ किंवा ६६ छापलेलं पाहिजे, पावसासाठी. सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे विजांच्या झटक्यापासून बचाव, किती केव्ही ते विचारा, ४ च्या वर बरं. आणि हिरवी अर्थिंगची वायर कापून फेकायची नाही, जोडायची. धातूची बॉडी, ओली माती, अनवाणी पोरं, एवढं सांगितलं तरी पुरे. वायर आत जाते ती बाजू खाली ठेवा आणि वायरला खाली थोडा झोळ द्या म्हणजे पाणी वायरवरनं ओघळून झोळातनं खाली पडतं, फोकसमध्ये शिरत नाही.

जुन्याच फोकसमध्ये बसणाऱ्या एलईडी कांड्या मिळतात, मी ठेवत नाही. एकतर जाडीमुळे बऱ्याच फोकसमध्ये बसत नाहीत, आणि बसल्या तरी बंद डब्यात तापून लवकर जातात. पूर्ण फोकसच बदला.

एक फायदा आधी कोणी सांगत नाही, पहिल्या पावसानंतर पाखरं आणि पंखांच्या वाळव्या एलईडीवर कमी येतात, कारण त्यात अल्ट्राव्हायोलेट जवळपास नसतं. त्यातही वॉर्म रंगावर अजून कमी. अंगणात जेवायला बसणाऱ्यांनी तेवढ्यासाठी तरी बदलावा.

तरीही हॅलोजन चालू ठेवायचाच असेल तर

एकदोन महिन्यांसाठी नवीन फोकस कशाला, असं म्हणणारे आहेत, त्यांच्यासाठी. वीज बंद आणि कांडी पूर्ण गार. काचेला बोट लावायचं नाही, लावायचं तर स्वच्छ कोरड्या कागदाने किंवा फडक्याने धरा. बोटाचं तेल काचेवर राहिलं की तापल्यावर तेवढ्याच जागी क्वार्ट्झ पांढरट होऊन फुगतं किंवा तडकतं. चुकून लागलंच तर औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट कापसावर घेऊन पुसा, वाळू द्या, मग चालू करा. एक टोक स्प्रिंगमध्ये दाबून दुसरं बसवा, जोर लावला की मधोमध तुटते.

कांडी आडवीच पाहिजे. फोकस खाली-वर वाकवा, पण डाव्या-उजव्या बाजूला तिरपा बांधला की तार एका टोकाला सरकते, एक बाजू काळी पडते आणि आठवड्यात हाताशी येते. पुढची काच फुटलेली असेल तर चालवू नका, ती नुसती धुळीसाठी नसते, कांडी फुटली तर तापलेले तुकडे अडवते आणि क्वार्ट्झमधनं येणारं अल्ट्राव्हायोलेटही बऱ्यापैकी अडवते. कापड, गवत, प्लायवूड यापासून निदान मीटरभर लांब, आणि वर मोकळी हवा.

कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला एलईडी लावू नका

पोल्ट्रीवाल्या एका गिऱ्हाइकाने कुठंतरी ऐकून ब्रूडरमधले, म्हणजे लहान पिल्लांना ऊब देतात तिथले, सगळे बल्ब बदलून नेले, वीज वाचते म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, पिल्लं एका कोपऱ्यात एकावर एक चढून बसलीत, आठ-दहा गेली. एका दिवसाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात साधारण ३५ डिग्री ऊब लागते आणि त्यासाठी पिल्लामागे एक-दोन वॅटच्या हिशेबाने पिवळे बल्ब लावतात, तिथं उजेड हा फुकटचा आणि उष्णता हेच काम. एलईडीचं सगळं कौतुक ज्या गोष्टीसाठी तीच इथं नडते. त्याला मी परत पिवळे बल्ब दिले आणि एलईडी घरात लावायला सांगितले.

तसंच ओव्हनच्या आतला दिवा, तिथं एलईडीचा ड्रायव्हर वितळेल, उष्णतेसाठी बनवलेला हॅलोजन किंवा ओव्हनचाच बल्ब घ्या. आणि रूम हीटरची हॅलोजन कांडी ही तर उजेडाची वस्तूच नाही, तिला बदली एलईडी मागू नका, मागणारे भेटलेत म्हणून लिहिलं.

गाडीचा हेडलाइट, सगळ्यात जास्त चुका इथं

गाड्यांमधला एच फोर बल्ब ६०/५५ वॅटचा, अप्परला ६०, डिप्परला ५५, एकाच काचेत दोन तारा. डिप्परच्या तारेखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते, ती खालच्या बाजूचा उजेड अडवते आणि म्हणूनच डिप्परला समोरच्याच्या डोळ्यात उजेड जात नाही. बऱ्याच मोटरसायकलींना याचाच धाकटा भाऊ, एचएस १, ३५/३५ वॅट. होल्डर दिसायला सारखा पण खाचा वेगळ्या, आणि गॅरेजवाले कानस मारून एच फोर बसवून देतात. मग वायरिंग तापतं, होल्डर पिवळा पडतो, बॅटरी उतरते.

हेडलाइटचा रिफ्लेक्टर त्या तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो, एखाद-दुसऱ्या मिलिमीटरवर. तिथं बाजारातला एलईडी बल्ब घातला तर चिप दोन बाजूंना, जाडी वेगळी, जागा वेगळी, त्यामुळे उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्या ड्रायव्हरच्या तोंडावर जास्त. बसल्या जागी आपल्याला वाटतं भारी उजेड, कारण बोनेटच्या पुढचे दहा फूट लख्ख पांढरे होतात, आणि तेवढ्यानेच लांबचं दिसायचं कमी होतं. कंपनीने एलईडीसाठीच बनवलेला हेडलॅम्प वेगळा, तो चांगलाच असतो. हॅलोजनच्या घरात एलईडी भाडेकरू नको.

"पण माझ्या गाडीला उजेडच नाही." बरं. मग हे क्रमाने करा:

१. काच बघा. प्लास्टिकची काच उन्हाने पिवळी-धुरकट झाली असेल तर पॉलिश करा, निम्म्या तक्रारी इथंच संपतात.

२. इंजिन चालू, हेडलाइट चालू, बॅटरीवर व्होल्टेज मोजा, १४ च्या आसपास येईल. मग बल्बच्या मागच्या कनेक्टरवर मोजा. फरक एक व्होल्टच्या वर असेल तर बल्ब बिचारा उपाशी आहे. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने पडतो, व्होल्टेज १० टक्के कमी तर उजेड जवळपास ३० टक्के कमी.

३. फरक आला तर रिले किट लावा. दोन एच फोर म्हणजे १० अँपिअर, ते सगळं स्टिअरिंगजवळच्या स्विचमधनं बारीक वायरने जातं, रिले लावला की बॅटरीपासून जाड वायरने थेट जातं आणि स्विच नुसती ऑर्डर देतो. मधे फ्यूज पाहिजेच, बॅटरीच्या जवळ. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

४. मग चांगल्या कंपनीचे, ई-मार्क (युरोपच्या मान्यतेचा शिक्का) असलेले ६०/५५ चेच दोन्ही बल्ब एकदम बदला. एक नवा एक जुना नको.

५. १००/९० वॅटचे घेऊ नका. होल्डर वितळलेला आणि रिफ्लेक्टरची चमक उडालेली अशा तीन-चार गाड्या दर पावसाळ्यात माझ्याकडे येतात.

६. बल्ब बसवल्यावर भिंतीसमोर गाडी उभी करून डिप्परची रेघ बघा, डावीकडे थोडी वर, उजवीकडे खाली. उलटी किंवा वर गेलेली असेल तर बल्ब खाचेत नीट बसलेला नाही.

कुंभार्ली घाटात जुलैच्या धुक्यात मी दोन्ही गाड्या चालवल्यात, भावाची ६००० केल्विनचे एलईडी बल्ब घातलेली आणि माझी साध्या हॅलोजनची. त्याच्या गाडीत समोर दुधाची भिंत उभी राहते आणि कडेचा पांढरा पट्टा त्यात हरवतो, माझ्या गाडीत डिप्परवर पट्टा निदान पुढच्या वळणापर्यंत तरी दिसतो. अप्पर कुठल्याच गाडीत लावायचा नाही धुक्यात, तो फक्त धुकं उजळवतो.

काढलेला माल कुठं टाकायचा

हॅलोजन आणि पिवळ्या बल्बमध्ये विषारी असं काही नाही, कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात, कचरा उचलणाऱ्याचा हात कापणार नाही एवढं बघा. सीएफएल आणि ट्यूबमध्ये थोडा पारा असतो, त्या ई-कचऱ्यात द्या. घरात फुटलीच तर खिडकी उघडा, पोरांना बाहेर काढा, पंधरा मिनिटांनी पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने उचला, केरसुणी मारू नका. युरोपात घरगुती हॅलोजन बल्ब बहुतेक सगळे २०१८ च्या सप्टेंबरपासून दुकानातनं गेले, आपल्याकडे तशी बंदी नव्हती, आपल्याकडे भावानेच काम केलं. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एक एलईडी बल्ब ३१० रुपयांना पडायचा, तो २०१६ पर्यंत ३८ वर आला, आणि मधल्या काळात २०१५ ला सरकारची स्वस्त एलईडी बल्बांची उजाला योजना सुरू होऊन बिल दाखवून बल्ब मिळायला लागले तेव्हा माझ्या दुकानातले पिवळे बल्ब दोन वर्षं धूळ खात पडले होते. तेच शेवटी त्या पोल्ट्रीवाल्याला दिले.

आता दुकानात येताना एवढं करा, जुना बल्ब सोबत आणा, फुटलेला असला तरी चालेल, नाहीतर त्याच्या पायाचा आणि त्यावर छापलेल्या अक्षरांचा फोटो काढून आणा. आणि स्पॉट असेल तर भोकाचं माप.